मशीन काय म्हणते?

बाबा, माझ्या घरात धानाची गिरणी सुरू झाली आहे. धान नाही, इंजिन नाही, कोंडा उडत नाही, फळीवरचं एक भांडं हलत नाही; पण मधल्या खोलीचं दार लोटलेलं असलं की आतून ऐकू येते. घुंऽ घुंऽ घुंऽ, आणि त्यावर पट्ट्याच्या जोडाची टप, टप, टप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ओसरीत तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं, उठली आणि दाराला कान लावला. दाराला कान लावायची माझी खोड तुम्हाला नवीन नाही. तो आवाज मी साठ वर्षांत ऐकला नव्हता आणि मरेपर्यंत ऐकायचाही नव्हता. तो माझ्याच घरात कोण वाजवून राहिलं, ते मला पाहायचं होतं.

आत तुमची पणती होती. माझ्या पोराची पोरगी. गोंदियाला कॉलेज करून आली आणि नोकरीचे फॉर्म भरायचे सोडून दिवसभर कानांवर दोन वाट्या लावून कॉम्प्युटरपुढे बसते. डोळे मिटते, मान हलवते, मधेच एकटी हसते. बावीस वर्षांची पोरगी दार लोटून एकटी हसते तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. मी सूनबाईला म्हटलं, "तुया पोरीचं लक्षण मले बरं नाही दिसून राहिलं." सूनबाई कणीक मळत म्हणाली, "आई, ती म्युझिक बनवून राहिली." मी म्हटलं, "बनवून राहिली त गळा कुठी आहे? आठ दिवस झाले, तोंडातून सूर नाही निघाला. गाणं बनवणारं माणूस कधी मुकं पाहिलं का तू?" सूनबाई कणीक आणखी जोरात मळू लागली. ती अशी मळते तेव्हा तिलाही तोच संशय असतो, फक्त तिची बोलायची हिंमत नसते.

मग मी पाळत ठेवली. एक दिवस तांदूळ पाखडताना माझ्या कोपराजवळ काहीतरी करड्या केसांचं सरकताना दिसलं. मी उंदीर समजून सुपानं हाणलं. पोट्टी किंचाळली, "आजी! माइक आहे तो! काऊन मारून राहिली?" आवाज पकडायचं यंत्र म्हणे, वाऱ्याची फडफड येऊ नये म्हणून त्याला केसांची टोपी घातली आहे. म्हणजे ही माझ्या पाठीमागं बसून माझ्या सुपाचा आवाज चोरत होती. मी विचारलं, आणखी काय काय पकडलं? तर म्हणते, छपराच्या टिनावर पडलेल्या चिचा, तुझ्या शिलाई मशीनचा पट्टा, तुझं खोकलणं. "माझं खोकलणं कायले?" "लागते आजी." मागच्या महिन्यात दोन मैत्रिणींना घेऊन दरेकशाच्या गाडीत बसली आणि कचारगडाच्या गुहेत जाऊन आली. गर्दी नसताना मुद्दाम. लोक तिथं देवाला जातात, ही तिथं उभी राहून टाळी वाजवून आली. एक टाळी. ती टाळी गुहेत कशी फिरते ते धरून आणलं, आता म्हणे कोणताही आवाज त्या गुहेत नेऊन ठेवता येतो. मी मैत्रिणींना वेगवेगळं गाठून विचारलं, सोबत कोणी पोरगा होता का. दोघींनी एकच उत्तर दिलं. दोघींचं उत्तर इतकं सारखं होतं की माझा संशय वाढला.

शेवटी एका दुपारी मी सरळ आत जाऊन तिच्या पलंगावर बसली आणि म्हटलं, आता सांग. तिनं सांगितलं. व्हिडिओ गेमचं संगीत करून राहिली. मला गेम माहीत आहे, गल्लीतली पोरं मोबाईलवर खेळतात, त्यातून ढुम ढाम वाजत असते. मी म्हटलं, "दाखव तो गेम."

"गेम नाही आहे, आजी."

"म्हणजे?"

"गेम मी मनातल्या मनात ठरवला. त्याचं फक्त म्युझिक करून राहिली."

"नवरदेव नाही, नवरी नाही, मांडव नाही, अन् तू बँड वाजवून राहिली?"

ती हसली. हसली की तिच्या गालावर तुमच्यासारखा खड्डा पडतो, त्यामुळे मला तिच्यावर विश्वास ठेवणं आणखी अवघड जाते. तिनं मला नीट समजावलं, मी मूर्ख आहे असं धरून नाही, त्याबद्दल तिला मानलं पाहिजे. पुण्याला एक कॉलेज आहे, तिथं आवाजाचंच शिक्षण देतात. त्यांनी सांगितलं आहे, नसलेल्या गेमचं संगीत करून पाठवा, सोमवारपर्यंत. ऐकून आवडलं तर बोलावतील, नाहीतर नाही. दुसरी संधी नाही. तिच्या बापानं कबूल केलं आहे की बोलावलं तर जा, नाही बोलावलं तर गुपचूप बँकेच्या परीक्षेला बस आणि तो कॉम्प्युटर आपल्या दुकानात हिशेबाला दे. म्हणजे पोरीचं सगळं त्या सोमवारवर टांगलेलं. आणि ती पुण्याला गेली तर परत कधी येईल? तुम्ही मला दोन कोसांवर दिली होती तरी मी वर्षातून तीनदा आली. या घरात माझं बोलणं उलटून बोलणारी ती एकच आहे. बाकीचे हो म्हणतात आणि आपलंच करतात.

मी विचारलं, गेममध्ये काय आहे. ती म्हणाली, बंद पडलेली राईस मिल. खेळणारा आत शिरतो. सात खोल्या आहेत, प्रत्येक खोलीला आपला आवाज. शेवटच्या खोलीत मिल आपोआप सुरू होते. आणि बाबा, मी तिला कधी मिलबद्दल एक शब्द सांगितला नाही. पोराला एवढंच माहीत की त्याच्या आजोबाचा हात पट्ट्यानं गेला. मी म्हटलं, "मिल काऊन? दुनियेत दुसरं काही नव्हतं? रेल्वे नव्हती, जंगल नव्हतं?" ती म्हणाली, "जंगलाचं सगळेच करतात. मिल आपली आहे." आपली! मिल सेठची होती. आपला फक्त हात होता.

तिच्या स्क्रीनवर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या एकाखाली एक आखलेल्या असतात. एक पट्टी म्हणजे एक आवाज. सूप एका पट्टीत, शिलाई मशीन दुसऱ्या पट्टीत, कॉम्प्युटरला जोडलेल्या वीतभर पेटीवर वाजवलेला जाड सूर तिसऱ्या. ती तुकडा कापते आणि पुन्हा पुन्हा चिकटवते, एकासारखा एक, जसे तुम्ही तांदळाच्या बोऱ्यांवर मार्का मारायचे. मी विचारलं, तेच तेच काऊन वाजवते? ती म्हणाली, "खेळणारा खोलीत किती वेळ थांबेल कोणाले माहीत? दार सापडत नाही तोवर तेच फिरून फिरून वाजत राहाले पाहिजे."

"अन् दार सापडलंच नाही तर?"

"तर वाजतच राहते."



तुम्हाला आठवत असेल, आमगावच्या रस्त्यावरच्या त्या मिलमध्ये मी डबा घेऊन यायची. मला दुसरीतून काढलं होतं, अक्षरं धड यायच्या आधीच, धाकटा भाऊ सांभाळायला. पण डबा नेणं माझं होतं, कारण मी वाटेत खात नाही असा तुमचा समज होता. भात, लाखोळीची डाळ, हंगाम असला तर पोपटाच्या, वालाच्या उकडलेल्या शेंगा. तुम्ही जेवून झाल्यावर मला हलरजवळ, धान सडायच्या मशीनजवळ, पोत्यावर बसवायचे. इंजिन बाहेर धडधडत असायचं, वर दांड्यावर चाकं फिरायची, पट्टा लांबच्या लांब खाली येऊन हलर फिरवायचा आणि जोडाची लोखंडी कडी चाकावरून गेली की टप. तुम्ही माझ्या कानाशी वाकून विचारायचे, "सांग, मशीन काय म्हणते?" मी डोळे मिटायची. मग मी सांगायची: पोट भरलेलं आहे. किंवा, धान संपत आलं, आता रडेल. किंवा, पाती घट्ट झाली, तांदूळ मोडून राहिला, खंडा पडेल. तुम्ही पातीचा नट सैल करायचे, ओंजळीत तांदूळ घेऊन पाहायचे आणि मान हलवायचे. बरोबर आलं की त्या दिवशी एक अक्षर. बोऱ्यांवरच्या मार्क्याची पत्र्याची अक्षरं होती, ती तुम्ही जमिनीवरच्या कोंड्यावर ठेवून मला गिरवायला द्यायचे. माझं अक्षर अजून तसंच आहे, सुटं सुटं, जाड, दोन हात लांबून वाचता येईल असं. पोट्टी म्हणते, आजी तू लिहिते तेव्हा बोरा लिहिते.

मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेता. परीक्षेत मी पास व्हायची. शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या पोरीला आणखी काय पाहिजे?

तर पोट्टीनं त्या दुपारी माझ्या कानांवर त्या वाट्या चढवल्या. "पदरावरून नको आजी, कान मोकळे कर." मी कान मोकळे केले. आणि बाबा, मी कसं सांगू, मी मिलमध्ये होती. गुहेतली ती टाळी तिनं मिलला दिली होती, त्यामुळे प्रत्येक आवाज उंच टिनाखाली फिरून परत येत होता. गोदामात उंदीर होते, ते माझ्याच सुपातले दाणे. सेठच्या गादीमागं कोणीतरी खोकलत होतं, ती मी. खोलीमागून खोली उघडत गेली आणि शेवटी हलर सुरू झाला. मी डोळे मिटले, कारण तसं करायची सवय आहे. तिनं वाट्या काढल्या आणि विचारलं, "कसं आहे?"

मी म्हटलं, "रिकामी आहे."

"काय?"

"गिरणी रिकामी चालून राहिली. तुया भुतानं धान टाकलं नाही. पोट भरलेलं असलं त हलर घुमते. हे रडून राहिलं."

 ती उठली आणि मला हाताला धरून मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथं जुनं जातं उलटं पडलं होतं, त्याच्यावर तुळशीची कुंडी होती. आम्ही कुंडी उतरवली, जातं लावलं, मी मुठीमुठीनं धान टाकलं आणि ती फिरवत होती, मधे तो केसाळ उंदीर. तिला फिरवता येत नव्हतं. मी म्हटलं, "खांद्यानं फिरव, बोटानं नाही, हा तुया मोबाईल नव्हे." सूनबाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुमीसुद्धा?" तिच्या तोंडावरून असं वाटत होतं की मी पत्ते खेळताना सापडली. पोट्टीनं तो आवाज आत नेऊन ताणला, जाड केला, हिरव्या पट्टीखाली सरकवला. मग ऐकवला. आता हलरच्या पोटात धान होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच तिला म्हटलं, स्वयंपाकघरात तुझी आई एकटी मरून राहिली, जा.

दुसऱ्या दिवशी तिनं मला शेवट ऐकवला. सातवी खोली. हलर घुमते, पट्टा टप टप टप जाते, अगदी सारखा, मोजून मापून, आणि एकदम फटाक! मग काहीच नाही. ती म्हणाली, "इथं पट्टा तुटते अन् गेम संपते. कसं वाटलं?"

मी म्हटलं, "बरं आहे."

खोटं बोलली मी. पट्टा असा तुटत नाही, हे मला जितकं माहीत आहे तितकं या जिल्ह्यात आता कोणाला माहीत नसेल. पण ते सांगायचं तर कसं माहीत तेही सांगावं लागेल. आणि दुसरं असं की न सांगितलं तर पुण्याचे लोक ऐकतील, त्यांच्यात एखादा कानाचा पक्का असेल, तो म्हणेल, शेवट खोटा आहे. मग पोरगी इथंच राहील. हे मी मनात बोलली नाही, पण ते तिथं होतं. चार दिवस मी तिच्या खोलीत गेली नाही. दार लोटलेलं असायचं. त्यातून टप टप टप, फटाक. टप टप टप, फटाक.

आता तुम्ही ऐका. सेठ नव्या गिऱ्हाइकांना घेऊन मिल दाखवत होता, तो दिवस. चार-पाच माणसं होती. मी डबा घेऊन आली, आणि दारातूनच मला ऐकू आलं. मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, खंडा पडून राहिला." तुम्ही मला विचारलं नव्हतं. सेठनं ओंजळभर तांदूळ घेतला, पाहिलं, अर्धे दाणे मोडलेले. तो हसला, "अरे मिस्त्री, तेरी छोरी के कान तो तेरे से तेज निकले. कल से इसी को बिठा देते हैं, तू डिब्बा लाया कर." सगळे हसले. मीही हसली, मला वाटलं माझं कौतुक झालं. तुम्ही नट सैल केला. मग मला दंडाला धरून दारापर्यंत आणलं आणि म्हणाले, "तुले कोणी विचारलं होतं? उद्यापासून डबा ठेवायचा अन् गप निघायचं." अक्षरं तिथंच थांबली. ‘ज्ञ’ राहिलं माझं. ते पुढं मी पोराच्या पुस्तकातून शिकली.

त्यानंतर किती दिवस गेले ते मला आठवत नाही, आठ असतील. मी रोज डबा ठेवायची आणि गप निघायची. त्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि जोडाचा आवाज बदललेला होता. टप नाही. ट-टप. कडी एका बाजूनं उकलली होती, आधी एक टोक लागायचं, मग दुसरं. तुम्ही त्याच पट्ट्याखाली पाठ करून उभे होते. मी डबा ठेवला. मी थांबली, बाबा. चार श्वास तरी थांबली. मला वाटलं, तुम्ही विचाराल. तुम्ही वळून पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा वळले. मी मनात म्हटलं, नाही विचारत ना, मग ऐका आपल्या कानानं. आणि निघाली. बोडीच्या पारीवर, तळ्याच्या बांधावर, पोहोचली तेव्हा मागं मिल एकदम बंद झाली. मी पळत परत आली नाही. चालत आली.

कोपर पुन्हा सरळ झालं नाही तुमचं. मरेपर्यंत तो हात छातीशी, जसं काही त्यात कोंबडीचं पिल्लू धरलं आहे. मिस्त्रीपण गेलं, मग बोऱ्यांवर मार्के मारायला बसले, एका हातानं. माय सगळ्यांना सांगायची, दैव. मी ऐकून घ्यायची.

चौथ्या दिवशी पोट्टी स्वतः माझ्याकडे आली. वाट्या माझ्या कानांवर चढवल्या आणि पहिल्या खोलीत काही बदल केला तो ऐकवू लागली. मला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून मी बटण फिरवलं. तिनं लगेच कमी केलं. "एवढ्या मोठ्या आवाजात नको, आजी. चार-पाच वर्षं असं ऐकलं त कान जातात."

"गेले त माणसाले समजतच असेल."

"तेच त समजत नाही. बारीक आवाज आधी जातात. जाड आवाज येत राहतात म्हणून वाटते सगळं येऊन राहिलं. मंग माणूस समोरच्याच्या तोंडाकडं पाहून भागवते. नाहीतर कोणाले तरी विचारून विचारून."

मी वाट्या काढून मांडीवर ठेवल्या. तुम्ही घरात इतक्या मोठ्यानं बोलायचे की माय म्हणायची, भिंतीला ऐकवून राहिले का. तुम्ही हलरला कान नाही, हात लावायचे. बारा वर्षं त्या हलरशेजारी. आणि रोज दुपारी माझ्या कानाशी वाकून: सांग, मशीन काय म्हणते?

परीक्षा नव्हती ती. तुम्ही खरंच विचारत होते.

सेठपुढं मी काय बोलली ते मला साठ वर्षांनी समजलं, तेही एका पोरीनं बटण कमी केलं म्हणून. मला राग आला तुमचा. अजून आहे. एका शब्दानं सांगितलं असतं तर मी सेठसमोर कशाला तोंड उघडलं असतं? मी तुमच्यापुरती बोलली असती, कोणाला कळू दिलं नसतं. आपल्या घरात गुपित सांभाळायला माझ्याएवढं पक्कं कोणी नव्हतं, आणि तुम्ही माझ्यापासूनच लपवलं.

रविवारी दुपारी मी पाट उचलला आणि तिच्या खोलीत गेली. न विचारता. म्हटलं, "तुया तो पट्टा असा तुटत नाही."

तिनं वाट्या काढल्या. "मंग कसा तुटते?"

मी पाट मांडीवर घेतला आणि बोटांच्या पेरांनी वाजवलं. टप. टप. टप. ट-टप. ट-टप. "आधी असा बोलते. बराच वेळ. मंग तुटते."

"किती वेळ?"

"मी डबा ठेवला तेव्हा सुरू होतं. बोडीच्या पारीवर पोहोचली तेव्हा तुटला."

 पोरगी हुशार आहे, तिला दोन अन् दोन चार करायला वेळ लागत नाही. "म्हणजे तू ऐकलं होतं."

"हो."

"सांगतलं नाही?"

"नाही."

मी वाट पाहत होती की आता ही गळ्यात पडेल, डोळे पुसेल, ‘आजी तू लहान होती’ वगैरे काहीतरी म्हणेल. आजकालच्या पोरींना तसं बोलायला कोण शिकवते कोण जाणे. म्हटली असती तर मी तिला पाटानंच हाणलं असतं. तिनं तो केसाळ उंदीर माझ्या हाताजवळ सरकवला आणि म्हणाली, "आणखी एकदा वाजव. हळू. पहिल्या ट-टपच्या आधी किती वेळ नीट होतं, तेवढंच घे."

मी वाजवलं. सात वेळा वाजवून घेतलं तिनं. पेरं लाल झाली. मग तिनं जुना शेवट पुसला आणि माझी बोटं लावली. आता त्या खोलीत हलर घुमते, पट्टा टप टप जाते, आणि मग खूप हळू, लक्ष असेल त्यालाच समजेल असं, ट-टप सुरू होते. आणि ती म्हणाली, या खोलीत खेळणाऱ्याला एकच बटण देऊ: मशीन बंद करायचं. ऐकलं त्यानं आणि दाबलं तर पट्टा तुटत नाही. नाही ऐकलं तर तुटते. मी म्हटलं, "गेमच नाही त बटण कुठलं?" ती म्हणाली, "लिहून पाठवते ना सोबत."

सोमवारी पाठवलं. अजून काही कळलं नाही. बोलावतील की नाही मला माहीत नाही. बोलावलं तर जाईल. सूनबाई रडेल, मी शिदोरी बांधून देईन आणि गाडीत खिडकीशी बस म्हणेन.

पण माझा संशय गेलेला नाही. ज्या पोरीला सुपातल्या दाण्यात उंदराचं पाऊल ऐकू येते, माझ्या शिलाई मशीनच्या पट्ट्याला जोड आहे हेही जिला माहीत, तिला एवढं समजलं नसेल? की तिनं शेवट मुद्दाम चुकीचा ठेवला आणि माझ्यापुढं वाजवत राहिली, चार दिवस, दार पुरतं न लावता? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काही काय आजी!" आणि गालावर खड्डा पडला. त्या खड्ड्यावर मी साठ वर्षांपूर्वीही विश्वास ठेवला नव्हता.

कारण त्या तुटलेल्या पट्ट्याचं तुम्ही काय केलं ते मी विसरली नाही. हात बांधलेला असताना तुम्ही तो पट्टा घरी आणला, मोच्याकडून कापून घेतला आणि माझ्यासाठी चपला केल्या. माझ्या पायातल्या पहिल्या चपला. डाव्या चपलेच्या टाचेला कडीची भोकं तशीच होती, एका बाजूची फाटलेली. तुम्ही म्हणाले, "घे. वाया कायले घालवायचं." एवढंच. तुमच्या तोंडाकडे पाहून मला काही समजलं नाही. ते बक्षीस होतं की तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा तुम्ही विचारत होते का? आयुष्यभर मी त्याचं उत्तर तुमच्या खोकल्यात, तुमच्या गप्पपणात, मला सासरी पाठवताना डोक्यावर ठेवलेल्या त्या एका हातात शोधत राहिली. तुम्ही गेले आणि मग विचारायलाही कोणी राहिलं नाही.

पोट्टी म्हणते, आजी, हे पत्र वाचून दाखव, मी आवाज धरून ठेवते. मी म्हटलं, माझं खोकलणं घेतलं, बोटं घेतली, आता पुरे. कागदाची चौघडी करून दिवाणाच्या पायाखाली घालणार आहे. एक पाय आखूड आहे त्याचा, बसलं की वाजते.

आणि एक. महिनाभरात डावी चप्पल हरवली तेव्हा मी सांगितलं, शेजारच्या काळ्या कुत्र्यानं नेली. तुम्ही चांगल्या हातात काठी घेऊन त्याच्या मागं बोडीपर्यंत धावले, आणि तो लंगडत गेला तो पुन्हा आपल्या दारात आला नाही. कुत्र्यानं काही केलं नव्हतं, बाबा.